थांबा, ओटीपी येतोय...

"ओटीपी आला का?" हे वाक्य आपल्या घराघरांत आता "दूध आलं का?" इतकंच सवयीचं झालंय. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना तो ठाऊक आहे. पण हा एक जादाचा टप्पा आपल्या आयुष्यात कसा शिरला, आणि त्यापायी कंपन्यांच्या बंद खोल्यांत किती डोकी तापली, हे फारसं कुणी सांगत नाही. मी गेली पंधरा-सोळा वर्षं पैशांच्या देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. कंपन्या बदलल्या, विषय तोच. तेव्हा म्हटलं, आपणच लिहू या.

तर मंडळी, फेब्रुवारी २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. मजकूर अगदी रुक्ष. सांगायचं एवढंच होतं, की १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्डाने काही घ्यायचं असेल तर कार्डावर छापलेली माहिती पुरणार नाही. जी कार्डावर दिसत नाही अशी आणखी एक गोष्ट ग्राहकाला विचारावी लागेल. कुणी तुमच्या कार्डाचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे उतरवून घेतले, तरी तेवढ्यावर त्याला खरेदी करता येऊ नये.

मी तेव्हा अंधेरीत एका छोट्या कंपनीत होतो. बसची आणि विमानाची तिकिटं विकायचो आम्ही. दोन खोल्या, पस्तीसेक माणसं, आणि एक एसी जो फक्त साहेबांच्या डोक्यावर वारा सोडायचा. परिपत्रक आलं आणि साहेबांचा पारा चढला. "माणूस खिशातून पैसे काढून हातावर ठेवतोय आणि हे म्हणतात, थांब!" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अमेरिकेत कार्डाचा नंबर घातला की झालं, खरेदी पूर्ण. आपल्याकडे काय व्हायचं, तर आमच्या पानावरून ग्राहक बँकेच्या पानावर जायचा. तिथे त्याला पासवर्ड विचारला जायचा (तेव्हा बऱ्याच बँकांचा पासवर्ड कायमचा ठरलेला असायचा, दर वेळी नवा आकडा मेसेजने येण्याची पद्धत नंतर रुळली). तो पासवर्ड कधीतरी तीन महिन्यांपूर्वी ठेवलेला, आठवणार कसा? आठवलाच, तर तोपर्यंत नेट जायचं. नेट राहिलंच, तर परत आमच्या पानावर येताना पांढराफटक पडदा. पैसे कापले की नाही, तिकीट मिळालं की नाही, कुणालाच पत्ता नाही. मग फोन. आणि फोन उचलायला आमचीच पस्तीस माणसं!

माझं काम होतं रोज सकाळी गळती मोजायचं. म्हणजे काल किती जणांनी 'पैसे भरा' हे बटण दाबलं आणि त्यातले किती शेवटपर्यंत पोचले. तो तक्ता भिंतीवर लागायचा. मला तेव्हा चोविसाव्या वर्षी वाटायचं, की सरकारी खुर्च्यांवर बसलेल्या माणसांनी आयुष्यात कधी इंटरनेटवर तिकीट काढलेलं नसणार. (सगळ्याच चोविशीतल्यांना असं वाटतं. हरकत नाही.)

आज मागे वळून पाहताना मजा वाटते ती याची, की तोच एक नियम वेगवेगळ्या माणसांनी किती वेगवेगळ्या तऱ्हेने पचवला. किंवा पचवला नाही.

फ्लिपकार्टच्या बन्सलद्वयीने २०१० मध्ये 'वस्तू हातात मिळाल्यावर पैसे द्या' ही सोय सुरू केली. त्याची कारणं बरीच होती, आपल्याकडे कार्डं मोजक्यांकडे होती, आणि न पाहिलेल्या दुकानदारावर विश्वास त्याहूनही मोजक्यांचा. पण त्या सोयीमुळे बँकेच्या पानावर अडखळण्याचा प्रश्नच मिटला. पैसे दारात मोजून घ्यायचे म्हणजे खर्च वाढतो, नोटा सांभाळाव्या लागतात, माल परत येतो. तरी त्यांनी तो खर्च अंगावर घेतला. थोडक्यात काय, तर भिंतीला धडक देण्यापेक्षा वळसा घातला. वळसा लांबचा होता पण रस्ता उघडा होता.

उबरची तऱ्हा निराळी. २०१३ मध्ये ही कंपनी भारतात आली. तिची सगळी जादूच एका क्षणात होती. गाडी थांबली, दार उघडलं, खिशात हात न घालता चालते व्हा. साठवलेल्या कार्डातून पैसे आपोआप कापले जायचे. आता हे आपल्या नियमात कसं बसावं? तर बसवलंच नव्हतं. व्यवहार परदेशातल्या यंत्रणेतून फिरवला जायचा, त्यामुळे दुसरी तपासणी विचारलीच जायची नाही. प्रवासी दादरहून पार्ल्याला जाणार, रुपयात भाडं ठरणार, आणि पैसे मात्र समुद्र ओलांडून येणार! इथल्या रेडिओ टॅक्सीवाल्यांनी अर्थातच बोंब मारली. २२ ऑगस्ट २०१४ ला रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं, की भारतात दिलेल्या कार्डाने भारतातल्याच सेवेचे पैसे द्यायचे असतील तर व्यवहार भारतातल्या बँकेतून, रुपयात आणि दोन तपासण्यांसह व्हायला हवा. ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत.

आमच्या धंद्यातल्या कित्येकांनी तेव्हा 'हे लोक प्रगतीच्या आड येतात' असा सूर लावला होता. पण पुढे काय झालं बघा. नोव्हेंबरात उबरने पेटीएमच्या वॉलेटशी सोयरीक केली. वॉलेटमध्ये पैसे भरताना दुसरी तपासणी व्हायची, आणि एकदा भरले की भाडं गुपचूप कापलं जायचं. म्हणजे नियम पाळला आणि जादूही टिकली. मे २०१५ मध्ये तर हैदराबादेत त्यांनी चक्क रोख घ्यायला सुरुवात केली. 'आमच्या गाडीत नोटा लागत नाहीत' हाच ज्यांचा तोरा, त्यांनी! आणि ती रोखीची पद्धत नंतर त्यांनी इतर देशांतही नेली. नियमाने अडवलं नसतं तर हे त्यांना सुचलं असतं का, कोण जाणे. सुचलं असतं तरी इतक्या लवकर नक्कीच नाही.

मात्र मला सगळ्यात जास्त आवडलेलं उत्तर तिसरंच आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था २००८ मध्ये स्थापन झाली. मालकी बँकांचीच, पुढाकार रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेचा. २०१० मध्ये त्यांनी आयएमपीएस आणलं, म्हणजे रात्री-अपरात्री, रविवारीसुद्धा लगेच पैसे पाठवता येतील अशी सोय. आणि त्याच्या पायावर ११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय सुरू झालं. आता यात दोन तपासण्या कुठे आहेत? पहिली म्हणजे तुमचा फोनच. अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिमवरून एक मेसेज आपोआप जातो आणि तो फोन तुमच्या नंबराशी बांधला जातो. ती तपासणी तुमच्या नकळत, दर वेळी होतच असते. दुसरी म्हणजे तुम्ही टाकता तो पिन. बस्स. बँकेच्या पानावर जा, परत या, पांढरा पडदा... सगळं गेलं. ज्या दुसऱ्या तपासणीवरून आमचे साहेब टेबलावर हात आपटत होते, ती यांनी टाळलीही नाही आणि तिच्याविरुद्ध अर्जही केला नाही. ती गिळून टाकली.

मी तेव्हा नोकरी बदलून पुण्यात आलो होतो. यूपीआयचं ते चित्र कागदावर पहिल्यांदा नीट समजून घेतलं त्या दिवशी मला माझा भिंतीवरचा गळतीचा तक्ता आठवला. सात वर्षं आम्ही सगळे नियम सैल होण्याची वाट बघत होतो. आणि नियम तिथेच ठेवून कुणीतरी त्याच्याभोवतीची सगळी वास्तूच बदलली होती.

पण हे सगळं इतकं गोड नाही हो. नियम बनवणाऱ्यांचं कौतुक करायला बसलो तर पुण्यातल्या त्या कंपनीतले माझे जुने सहकारी मला चहाला बोलवायचे बंद होतील.

ती एक छोटी वॉलेट कंपनी होती. नाव सांगत नाही, आता सांगून उपयोगही नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि आमच्याकडे जत्रा भरली. ज्या दुकानदारांच्या आम्ही वर्षभर पायऱ्या झिजवल्या होत्या, ते आता स्वतः फोन करायला लागले. बाणेरच्या ऑफिसात आम्ही रात्री सतरंज्या टाकून झोपलोय. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये वॉलेटसाठी नवे नियम आले. प्रत्येक ग्राहकाची पूर्ण ओळख पटवून घ्या, म्हणजे केवायसी, आणि तेही वर्षभरात. शिवाय कंपनीची स्वतःची पुंजी तीन वर्षांत पंधरा कोटींपर्यंत न्या. नियमामागचं कारण मला तेव्हाही पटलं होतं. नुसत्या मोबाईल नंबरावर उघडलेल्या वॉलेटमधून कुणाचे पैसे कुठे फिरतात हे कळायला नकोच का? पण एका माणसाची कागदपत्रं गोळा करायला जो खर्च यायचा, तेवढी कमाई आम्हाला त्या माणसाकडून चार वर्षांत होत नव्हती. त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग होता आधारचा. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खासगी कंपन्यांसाठी तोही बंद झाला.

आमच्या मालकांनी मुदत गंभीरपणे घेतली. माणसं नेमली, गावोगाव पाठवली, होते नव्हते ते पैसे त्यात घातले आणि २०१८ च्या दिवाळीनंतर कंपनी बंद केली. सगळ्यांचे पगार चुकते केले, आणि ग्राहकांच्या वॉलेटमधला शेवटचा रुपयासुद्धा परत केला. मी अजूनही त्यांना मानतो. पुढे काय झालं? ती मुदत वाढली. मग पुन्हा वाढली! ज्यांच्याकडे परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा होता ते थांबले आणि तरले. ज्यांनी तारीख म्हणजे तारीख असं मानलं ते संपले. नियम कडक असण्याबद्दल माझी तक्रार नाही. तारखा लवचीक निघतात आणि ते फक्त काहींनाच आधी परवडतं, याबद्दल आहे.

असो.

मोठ्यांचीही वेळ येतेच म्हणा. फोनपे यूपीआयवर सुरुवातीपासून येस बँकेच्या खांद्यावर उभी होती. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि रात्रीतून फोनपे बंद पडलं. कोट्यवधी माणसांचं अ‍ॅप, स्वतःची काहीही चूक नसताना! समीर निगम आणि त्यांच्या माणसांनी जवळपास एका दिवसात सगळा कारभार आयसीआयसीआय बँकेवर हलवून ते परत उभं केलं. गंमत म्हणजे याच बँकेने जानेवारी २०१७ मध्ये फोनपेचे व्यवहार अडवले होते. आम्ही या धंद्यातली माणसं त्या दिवशी आपापल्या ऑफिसात बसून हेच मोजत होतो, की आपला खांदा एकच आहे की दोन. त्यानंतर कुठल्याही शहाण्या पेमेंट कंपनीत 'आपली दुसरी बँक कोणती' हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेला नाही.

आणि पेटीएम. अलीगढहून आलेल्या, हिंदी माध्यमात शिकलेल्या विजय शेखर शर्मांनी जे उभं केलं त्याचं मला आजही कौतुक आहे. पण त्यांच्या पेमेंट्स बँकेला नवे ग्राहक घेऊ नका असं रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्येच सांगितलं होतं. जवळजवळ दोन वर्षं गेली. ३१ जानेवारी २०२४ ला आदेश आला, की आता नव्या ठेवीही घेऊ नका. कारण दिलं होतं, लेखापरीक्षकांना सतत आढळलेलं नियमभंगाचं चित्र. पुढच्या दोन दिवसांत शेअर वीस-वीस टक्क्यांनी कोसळला. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने मला विचारलं, "साहेब, हा बोलणारा डबा बंद पडणार का?" मी म्हटलं, नाही पडणार, ते दुसऱ्या बँकांकडे जातील. (गेलेही. मार्चच्या मध्यात चार बँकांच्या आधाराने यूपीआय चालू ठेवायची परवानगी त्यांना मिळाली.) पण त्याने तोवर शेजारी दुसऱ्या कंपनीचा क्यूआर कोड चिकटवून टाकला होता. "असू दे की, दोन असले तर काय बिघडतं?" येस बँकेच्या वेळी आम्ही जे शिकलो ते त्याला शिकवावं लागलं नाही.

त्याच्या डब्याबद्दल एक सांगायला हवं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला मनाई झाली. म्हणजे व्यवहार वाढले तरी त्यातून सरळ कमाई नाही. मग कंपन्या जगणार कशावर? तर डब्याच्या भाड्यावर, दुकानदाराला दिलेल्या कर्जांवर, विम्यावर. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्यांदाच एका महिन्यात यूपीआयचे दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. जगात कुणाला हेवा वाटावा असा आकडा. आणि तो पेलणाऱ्या कंपनीत बसलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "आकडा छान आहे हो, पण पैसे कुठे आहेत?" फुकटची सवय लागलेल्या देशात हे कुणी मोठ्याने बोलत नाही. माझ्या मते कधीतरी बोलावं लागणार आहे, निदान मोठ्या दुकानांपुरतं तरी.

आता आत्याची गोष्ट. माझी आत्या कराडला असते, वय वर्षं त्र्याहत्तर. काका गेल्यावर २०१९ मध्ये तिने त्यांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकायला काढली. शेजारच्या मुलाने इंटरनेटवर जाहिरात टाकून दिली. तासाभरात फोन. गोड बोलणारा, सैन्यात आहे म्हणणारा माणूस. "मावशी, पैसे पाठवतोय, तुमच्या मोबाईलवर येईल त्यात फक्त पिन टाका." आलेली होती ती पैसे मागणारी विनंती. आत्याने पिन टाकला, पैसे गेले. "मावशी, चुकून उलटं झालं, पुन्हा टाका, दोन्ही परत करतो." तिने पुन्हा टाकला. तीन वेळा. साडेनऊ हजार रुपये गेले. काकांच्या पेन्शनमधून बाजूला टाकलेले.

मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. शांतपणे म्हणाली, "अरे, तुम्ही लोकच बनवता ना हे? मग पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिथे लिहून का नाही ठेवलं?"

काय उत्तर देणार? 'पैसे मागा' ही सोय आमच्या धंद्यात सगळ्यांची लाडकी होती. मित्रांमध्ये हॉटेलचं बिल वाटून घ्यायला बरी. मीटिंगमध्ये तिचे आकडे दाखवले जायचे, रेष वर जायची, टाळ्या पडायच्या. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाचा फोन नवा होता, डोळे तरुण होते, आणि पैसे येणं आणि जाणं यातला फरक पडद्यावरच्या एका बाणावरून कळत होता. कराडची त्र्याहत्तर वर्षांची बाई त्या मीटिंगला नव्हती. २००९ मध्ये अंधेरीतही नव्हती. तिथे आमचे साहेब होते, मी होतो, भिंतीवरचा तक्ता होता. गळतीत मोजलेला प्रत्येक माणूस आम्हाला दिसत होता. नियमामुळे ज्याचे पैसे चोरीला गेले नाहीत तो माणूस कुठल्याच तक्त्यात येत नाही. त्याच्या वतीने बोलणारा त्या खोलीत एकच होता, तो परिपत्रकाचा कागद, आणि तो साहेबांनी चुरगाळून बाजूला ठेवला होता.

पुढे अ‍ॅपवाल्यांनी इशारे लिहिले, अक्षरं मोठी केली. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधली ती 'पैसे मागा' सोयच पेमेंट्स कॉर्पोरेशनने बंद केली. धंद्यातल्या एका तरुण मित्राचा मला वैतागून फोन आला होता. "दादा, चोर चाकू वापरतो म्हणून चाकूच बंद करायचा का?" मी त्याला पेटीची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला. पटलं की वयाचा मान ठेवला, ते कळलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने तपासणीचे नवे नियम आणले. अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. दुसरी तपासणी हवीच, पण ती मेसेजने आलेल्या ओटीपीचीच असली पाहिजे असं नाही. बोटाचा ठसा, चेहरा, फोनमधली किल्ली, काहीही चालेल. व्यवहार संशयास्पद वाटला तर आणखी तपासा असंही त्यात आहे. ऑक्टोबरात यूपीआयवर पिनऐवजी ठसा किंवा चेहरा दाखवायची सोयही जाहीर झाली. आमच्या ऑफिसात उत्साहाला उधाण आलंय. नवी पोरं रात्रंदिवस त्यावर काम करतायत आणि खरंच सुंदर काम करतायत.

दिवाळीत कराडला गेलो होतो तेव्हा आत्याला तिच्याच फोनवर ठशाचं ते दाखवत होतो. तिने अंगठा टेकवला. नाही. पुसून पुन्हा टेकवला. नाही. मग तर्जनी, मग डावा हात. तिने हात माझ्यापुढे उताणा धरला. पन्नास वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या.

"रेशनच्या दुकानातपण असंच होतं," ती म्हणाली. "तिथला पोरगा म्हणतो, आजी, उद्या या."

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी ते मीटिंगमध्ये सांगितलं. पिनचा पर्याय किती खाली, किती बारीक अक्षरात ठेवायचा यावर सध्या वाद चालू आहे. मी वर ठेवा म्हणतोय. तीन विरुद्ध एक आहे, बघू.